अंबूबाईची उमेदवारी

अंबूबाईला फुलांची फार हौस, म्हणून ती माळीकाम शिकली, असं कॉलनीतल्या बायका पुढे कौतुकानं सांगायच्या. त्यात काही तथ्य नव्हतं. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून ती शिकली.

ती मूळची चिकोडीकडची. नवरा येसाजी निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. वखार बसली तेव्हा ओळखीचं एक माणूस बंगळूरला यशवंतपूरच्या बाजारात पोती उचलायला होतं, त्याच्या भरवशावर दोघं आली. पोर एक झालं होतं, ते रांगायला लागलं आणि गेलं. त्यानंतर नाही. येसाजी हमालीला लागला आणि अंबूबाई खुरपणीला.

यशवंतपूरच्या पलीकडे, माळावर, तेव्हा एका सरकारी कारखान्याची नवी कॉलनी उठत होती. इंजिनिअर लोकांचे क्वार्टर्स, पाहुण्यांचा बंगला आणि या सगळ्याला शोभा यावी म्हणून बाग. तांबडी माती, वर मुरूम आणि पावसाळा आला की हातभर तण. दहा-बारा बायका सकाळपासून उकिडव्या बसून ते तण काढायच्या. सरकत सरकत पुढे जायचं, संध्याकाळी उठताना एकमेकींचा हात धरून उठायचं. चार वर्षं अंबूबाईनं ते केलं. मग एका सकाळी तिला चुलीपुढून उठताच येईना. येसाजीनं काखेत हात घालून उभी केली, तेव्हा ती म्हणाली, “असंच चाललं तर मला उचलायला बी हमाल लागंल.”

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्न साली, बागेत उमेदवार घेतले होते. तीन वर्षं राबायचं, कलमं, छाटणी, रोपवाटिका सगळं शिकायचं, परीक्षा द्यायची आणि मग कायमचा माळी व्हायचं. त्यांतला एक उमेदवार दोन महिन्यांतच कारखान्यात लेथवर लागला आणि जागा रिकामी झाली. अंबूबाईनं ते ऐकलं आणि बागेचे साहेब भगवंतराव यांना गाठलं. भगवंतराव पुण्याच्या शेती कॉलेजात शिकलेले, सरळ माणूस.

“साहेब, त्या उमेदवारांत मला बी घ्या की.”

“तुला?” भगवंतराव थांबले. “कशाला?”

“बसून बसून गुडघं गेलं, साहेब. उभ्यानं करायचं काम शिकीन म्हणते.”

ते हसले. मग ती हसत नाही हे बघून विचारू लागले. “दुपारी तास असतात. झाडांची नावं पाठ करावी लागतात. वाचता येतं का?”

“दुसरी शिकलीया. जोडाक्षराला अडतं.”

“आणि घरचे?”

“घरी एकच हाय. त्यो काय म्हणनार? दमून आलेला असतो.”

भगवंतरावांनी आठ दिवस घेतले आणि तिला घेतलं. त्यांनी हे का केलं हे बागेत कुणालाच कळलं नाही, बहुधा त्यांनाही नाही.

ज्याच्या हाताखाली शिकायचं तो कृष्णमूर्ती मेस्त्री मात्र काही भगवंतराव नव्हता. पन्नाशीकडे झुकलेला, कानात भिकबाळी, तोंडात कायम पान, आणि कानडीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही अशी शपथ घेतल्यासारखा. अंबूबाईला कानडी माहेरच्या पाण्यातूनच मिळाली होती, पण त्याचा उपयोग होईना, कारण मेस्त्री तिच्याशी बोलतच नव्हता. तिच्यासमोर उभा राहून दुसऱ्या उमेदवाराला सांगायचा, “त्या बाईला सांग, कुंड्या धुऊन ठेव.” दुसरा उमेदवार म्हणजे उपेंद्र, मंगळूरकडचा एक सज्जन तरुण. तो बिचारा दोन पावलांवर उभ्या असलेल्या बाईला तेच वाक्य पुन्हा सांगायचा.

पहिल्याच महिन्यात उपेंद्र मान खाली घालून आला. “अक्का, मेस्त्री म्हणतात, महिन्याचे ते चार दिवस रोपवाटिकेत येऊ नका. रोपं कोमेजतात म्हणे.”

“चार वर्षं खुरपत हुते तवा कोमेजली न्हाईत ती?” अंबूबाई म्हणाली. पण वाद घालायला अंगात त्राण लागतं. ते चार दिवस ती खताच्या खड्ड्यावर काम करी. शेण, पालापाचोळा, तळ्यातला गाळ चाळायचा, पाट्या भरायच्या. खताला कशाचा विटाळ नव्हता.

सबंध पहिलं वर्ष कुंड्या धुण्यात, माती चाळण्यात आणि झाऱ्या वाहण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी गुलाबाचे डोळे भरायला, म्हणजे एका झाडाचा फुटवा सालीसकट दुसऱ्याच्या खुंटात बसवायला, शिकवणार असं कळलं तेव्हा तिला वाटलं, आता कुठे खरं काम. पण रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरायचा तो जमिनीपासून चार बोटांवर! म्हणजे गुडघे टेकून, कंबरेत वाकून, गाल जवळजवळ मातीला लावून. अंबूबाई पहिल्या खुंटापाशी ओणवी झाली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं. उपेंद्र घाबरून विचारू लागला, काय झालं? “काय न्हाई,” ती म्हणाली, “उभ्यानं करायचं काम शिकतीया.”

तिनं भरलेले सगळे डोळे वाळले. पुन्हा भरले, पुन्हा वाळले. बाकीच्यांच्या खुंटांवर तांबूस कोंब दिसू लागले आणि तिच्या ओळीत काळे पडलेले खवले. मेस्त्री ओळीच्या कडेनं फिरला, एक वाळका डोळा नखानं उचकटून बघितला आणि उपेंद्राला म्हणाला, “सांग त्या बाईला, डोळ्यामागं लाकूड राहतंय. साल तेवढी घे म्हणावं, लाकूड नको.” एवढंच. उपेंद्रानं ते पुन्हा सांगायच्या आत ती चाकू घेऊन खाली बसली होती. त्या खेपेला निम्मे जगले.

दुपारचे तास हे त्याहून अवघड. जेवण झालेलं, पत्र्याच्या शेडमध्ये ऊब, आणि भगवंतरावांचा आवाज संथ. पहाटे उठून नळाला रांग लावलेली, येसाजीचा डबा केलेला, दोन मैल चाललेली बाई बाकावर टेकली की पापण्या जड व्हायच्या.

“अंबूबाई, झोपलीस का?”

“न्हाई साहेब. डोळं मिटून ऐकतीया.”

“मग मी आत्ता कुठल्या झाडाबद्दल बोललो?”

ती धडपडून उभी राही आणि काहीतरी लॅटिन नाव सांगे, त्याचे हातपाय मोडलेले असत. सगळे हसत. भगवंतराव मात्र म्हणत, “झाड बरोबर आहे. नाव घरी जाऊन सरळ कर.”

घरी गेल्यावर काय सरळ होणार! ज्वारी परवडायची नाही, म्हणून नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, घाटायचा. तो घाटायलाही दंडात जोर लागतो. येसाजी भिंतीला पाठ लावून बसलेला असे. त्याच्या मानेवर पोत्यांनी घट्टा पडला होता. ती मुद्दा घाटता घाटता नावं म्हणायची आणि तो चुकलं-बरोबर काही न कळता हुंकार भरायचा.

“सोड की गं,” तो एकदा म्हणाला. “खुरपणं काय वाईट हुतं? डोक्याला ताप तर नव्हता.”

“वाईट न्हवतं,” ती म्हणाली. पुढं काहीतरी सांगणार होती, पण बसल्या जागी तिची मान कलली. येसाजीनंच भांडं उतरवलं.

परीक्षा झाली. तोंडी होती म्हणून ती निभावली. उमेदवार सगळे पास झाले, उपेंद्र पहिला आणि अंबूबाई शेवटून दुसरी. महिन्याभरात बाकीचे कायम झाले, त्यांना खाकी कोट मिळाले. अंबूबाई तशीच राहिली. नियमात माळी होता, माळीण नव्हती. बाई खुरपणीवर ठेवता येत होती, कामावर घेता येत होती, पण त्या जागेवर नेमता येत नव्हती. “वर विचारलंय,” भगवंतराव म्हणाले. वर म्हणजे कुठं हे तिनं विचारलं नाही. ती पुन्हा उमेदवारच राहिली. तिच्या मागून आलेले उमेदवार शिकले, कायम झाले. ती त्यांना डोळ्यामागचं लाकूड कसं काढायचं ते दाखवायची, आणि संध्याकाळी त्यांच्याच रांगेत हजेरी द्यायची.

मग भगवंतरावांनी तिला पाहुण्यांच्या बंगल्यापुढची जमीन दिली. तिथे हिरवळ करायची होती. “ही तुझी,” ते म्हणाले. “चांगली झाली तर वर दाखवायला माझ्या हातात काहीतरी राहील.”

त्या जमिनीत लव्हाळा माजला होता. लव्हाळ्याची गाठ खोल असते, एक राहिली की दहा होतात. अंबूबाईनं दोन बायका घेऊन सबंध उन्हाळा ती जमीन हात-हात खणली, गाठी वेचल्या, मुरूम काढला, तळ्याचा गाळ पसरला, दोरी लावून सपाटी केली. पाऊस पडल्यावर हरळीच्या काड्या बोटांनी एकेक खोचल्या. पाणी, कापणी, रूळ फिरवणं, पुन्हा पाणी. दुसऱ्या हिवाळ्यात ती हिरवळ अशी जमली की साहेब लोकांच्या बायका चपला हातात घेऊन तिच्यावरून चालायच्या. अंबूबाई स्वतः कधी त्यावर टेकली नाही. तिला तिथं बसणं म्हणजे पुन्हा खुरपणं वाटायचं. पण जाता-येता ती कडेला थांबे, आणि तेवढा वेळ तिला पाठीचं दुखणं आठवत नसे.

कारखान्याचे मोठे साहेब एकदा हिरवळ बघून खूश झाले. भगवंतराव म्हणाले, “आता होईल.”

ते पासष्ट साल होतं. लढाई झाली, धान्याची टंचाई आली, आणि दिल्लीहून साऱ्या देशाला सांगणं आलं की जिथं गवत आहे तिथं भाजी लावा. कॉलनीत सगळ्यांच्या नजरेत भरणारं गवत एकच होतं.

भगवंतराव स्वतः सांगायला आले. बोलताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. “देशाचं काम आहे, अंबूबाई. आपल्याला नाही म्हणता येत नाही.”

“मी कुठं न्हाई म्हणते, साहेब?”

“मी तुझ्या कामाचं वर कळवलंय. ते वाया नाही जाणार.”

तिला राग आला नाही, रडू आलं नाही. फक्त आता कुठंतरी आडवं व्हावं एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुदळी आल्या. माणसं जमली. कृष्णमूर्ती मेस्त्री पान थुंकून तिच्याकडे आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून बोलला. “अक्का, आज तू घरी जा. आम्ही करतो.”

उपेंद्र जवळच होता. त्यानं सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं.

“नको, अण्णा,” अंबूबाई कानडीत म्हणाली. “ही माणसं वरवर खणतील. हरळीची मुळी राहिली तर भाजीत उठंल. मला माहीत हाय किती खोल गेलीया ती.”

“सरी. बरं तर,” मेस्त्री म्हणाला, आणि आपली कुदळ तिच्या हातात दिली.

तिनं सांगितलं तसं खणलं, तरी हरळी उठलीच. तिनं लावलेली, तिनं पोसलेली, इतकी चिवट केलेली. कोबीच्या, घेवड्याच्या, वांग्याच्या वाफ्यांतून ती पात काढून वर यायची, आणि अंबूबाई खुरपं घेऊन उकिडवी बसून ती उपटायची. दोन हिवाळे. कधी कधी ती त्या गवताला शिव्या द्यायची, सासूनं सुनेला द्याव्या तशा. भाजी मात्र चांगली आली. ज्या बाया चपला हातात घेऊन चालायच्या, त्या आता पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “अक्का, स्वल्प जास्ती घाला की.” ती घालायची.

भगवंतरावांची मग धारवाडला बदली झाली. मेस्त्री निवृत्त झाला. नवे साहेब आले, त्यांनी भाजी बंद करून बंगल्यापुढं पुन्हा हिरवळ करायचं ठरवलं आणि अंबूबाईला बोलावलं.

“तुम्हीच केली होती ना पूर्वी?”

“व्हय साहेब.”

“मग करा परत.”

“मी न्हाई करनार,” अंबूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “दुसरं कायबी सांगा. झाडावर चढ म्हणा, चढते. गुलाब सांगा, कुंपण सांगा. ती हिरवळ दुसऱ्या कुनाला सांगा.”

नकार देणारा उमेदवार साहेबांनी पाहिला नसावा. पण उपेंद्र, जो आता मेस्त्री झाला होता, मागून म्हणाला, “सर, हिरवळ मी बघतो.” तो विषय तिथं संपला.

आणि त्यानंतर काही महिन्यांनी, कुणी काही बोललेलं नसताना, कुणी कसली वाट बघत नसताना, तिची नेमणूक आली. भगवंतरावांनी वर पाठवलेलं कुठंतरी फिरत फिरत मुक्कामाला पोचलं असावं. अंबूबाई कायम झाली. तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती.

स्टोअरमध्ये बाईसाठी गणवेश नव्हता. त्यांनी पुरुषाचा खाकी कोट दिला, खांद्यात ढगळ, बाह्या बोटांच्या खाली. ती तो लुगड्यावर घालून, बाह्या दुमडत, यशवंतपूरच्या रस्त्यानं घरी आली. येसाजी दारातच बसला होता. हल्ली तो बाजारात लवकर दमायचा.

“आं? फौजेत लागलीस काय?” तो म्हणाला.

“कायम झाले.”

तो उठायला गेला, त्याला पटकन उठता आलं नाही. मग बसूनच त्यानं कोटाचं टोक धरलं, कापड बोटांत चोळून बघितलं. “चांगलं जाड हाय,” तो म्हणाला. “थंडीला बरं. बस. आज मी भात टाकतो.”

ती उंबऱ्यापाशी बसली. आतून तांदूळ धुतल्याचा, मग लाकडं मोडल्याचा आवाज आला. तो काहीतरी विचारत होता, बहुतेक मीठ कुठं ठेवलंय ते. सांगते, सांगते म्हणताना तिची पाठ चौकटीला टेकली. येसाजी भात उतरवून बाहेर आला तेव्हा ती कोटासकट गाढ झोपली होती. त्यानं ताट झाकून ठेवलं आणि तिच्या शेजारी, तिला धक्का लागणार नाही असा, बसून राहिला.