डिसिल्वा अंकलची क्यू

माझ्या बायकोला वाटतं, तिच्यापासून लपलेलं माझं असं काही नाही. जवळजवळ खरं आहे ते. एक गोष्ट सोडून. ती मी तिला सांगितली नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि ज्याच्याशी तसं वागलो त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी सिल्वासाला सरकारी शाळेत गणित शिकवायचो. मूळचा चिपळूणकडचा. नोकरी तिथं लागली, क्वार्टर मिळालं, राहिलो. संध्याकाळी करायचं काय, हा तिथं मोठाच प्रश्न होता. मग ऐंशीचं दशक संपता संपता गावातल्याच आमली भागात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हसमुखभाईंनी पूलची दोन टेबलं टाकली. मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातली जुनी टेबलं. एकाच्या हिरव्या कापडाला सिगरेटची भोकं, दुसरं खिडकीच्या बाजूला किंचित उतरतं. पण आम्हाला ती राजवाड्यातली वाटायची.

तिथं काय काय माणसं यायची! एक ट्रान्सपोर्टवाला शॉट मारण्याआधी पांढऱ्या बॉलला नमस्कार करायचा. एक कॉन्ट्रॅक्टर हरला की आधी स्टिक बदलायचा, मग टेबल बदलायचा, आणि मग चहा पुळचट आहे म्हणून तोही बदलून मागायचा. मसाटच्या कारखान्यांतले सुपरवायझर, कचेरीतले कारकून. आणि त्या सगळ्यांत — सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे — सगळ्यांत चांगला खेळायचो मी. कोन माझ्या रोजच्या शिकवण्यातले. बॉल कडेला आपटून कुठं जाणार, हे मला आधी दिसायचं. मी जिना चढलो की कुणीतरी म्हणायचंच, "सर आव्या, जगा करो." वर्गात पोरं उभी राहायची ते नियमाने. इथं लोक आपणहून बाजूला व्हायचे. या दोन्हींत फरक असतो. मला तो फार आवडायचा.

खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, तिच्यावर डिसिल्वा अंकल बसायचे. पोर्तुगीजांचं राज्य असताना ते कचेरीत होते. तरुणपणी दमणला बिलियर्ड्स खेळायचे म्हणे. आता हात थरथरायचे, त्यामुळे नुसते बघायचे. पण येताना स्वतःची क्यू घेऊन यायचे. आम्ही सगळे स्टिक म्हणायचो. क्यू हा शब्द त्यांचा. फिक्या लाकडाची, त्यात एकाखाली एक बाणासारख्या रेषा, काळ्याभोर लाकडाची मूठ, टोकाला पितळेची टोपी. गुडघ्यांवर आडवी ठेवून ते तिच्यावरून हात फिरवत बसायचे.

त्यांना मूलबाळ नव्हतं. ती क्यू कुणाला तरी जाणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आणि ती मला मिळणार, हे मला माहीत होतं. का नाही मिळणार? त्यांचे पेन्शनचे अर्ज मी लिहायचो. वापीहून औषधं मी आणायचो. सहा वर्षं. मी ते मायेनं करत होतो असं मला तेव्हा वाटायचं. थोडी माया असेलही. पण अर्ज लिहिताना माझी नजर दाराआडच्या त्या क्यूकडे जायची — हेही खरं.

मग भिकन आला.

भिकन शिरपूरकडचा. मसाटला एका कारखान्यात टर्नर, लेथ मशीनवर काम करायचा. आठवी नापास. पहिल्यांदा आला तेव्हा बाह्या तेलानं काळ्या होत्या, म्हणून हसमुखभाईंनी त्याला टेबलाला हात लावू दिला नव्हता. महिनाभर नुसता उभा राहून बघायचा. आणि मग खेळायला लागला — आणि दोन वर्षांत त्यानं मला मागं टाकलं. कसं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी कोन मोजायचो. त्याला मोजावं लागायचं नाही. बॉल त्याच्याकडून असा सुटायचा, जसं काही जायचं ते आधीच ठरलंय. तो खणात पडल्याचा आवाज मला घरापर्यंत ऐकू यायचा. मी घरी आल्यावर जेवताना गप्प असायचो. बायको विचारायची, शाळेत काही झालं का?

आणि त्यानं माझ्याशी वाईट वागावं, तेही नाही. "सर, तो कडेचा शॉट परत दाखवा ना. तुमच्यासारखा येऊच नाही राहिला." खरंच विचारायचा. मला ते खिजवल्यासारखं वाटायचं.

त्याला स्टिका जमवायचा नाद लागला. मोडक्या, वाकड्या, टाकून दिलेल्या. कुठं भंगारात, कुठं दमणच्या एखाद्या बंद हॉटेलात. आणून दुरुस्त करायचा. त्याच्या चाळीतल्या खोलीत भिंतीवर दहा स्टिका टांगलेल्या होत्या, प्रत्येकीची कथा त्याला पाठ. ही कुणी रागानं भिंतीवर मारलेली, हिला आधी पडद्याचा रॉड म्हणून वापरत होते. बाकी खोलीत एक खाट, एक स्टोव्ह; बायको गावाकडे. मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि मनात म्हणालो, याच्याकडे दहा आहेत, तरी माझ्या एकीवर याचा डोळा असणार.

माझ्या एकीवर. बघा, मी आधीच तिला माझी म्हणत होतो.

एका रविवारी सकाळी अंकलनी सगळ्यांसमोर ती क्यू भिकनला दिली. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्टिकच्या टोकाला चॉक लावत उभा होतो. अंकल म्हणाले, "हिचं सगळं हातानं कर हां, पुता. मशीन लावू नको. लाकडाला कळतं." भिकननं त्यांच्या पायाला हात लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या तर बोटांना निळा चॉक होता, टाळ्यांनी तो सगळीकडे उडाला, आणि कुणीतरी हसलं.

त्यानंतर काही महिन्यांनी भिकन एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, एक चूक केली मी." पितळेची टोपी चिरली होती. नवी हातानं बसेना. मग जेवणाच्या सुट्टीत त्यानं क्यू दोन मिनिटं लेथवर चढवली. फक्त दोन मिनिटं, अगदी हळू. "अंकलला शब्द दिला होता ना. तुम्हालाच सांगू राहिलो, दुसऱ्या कोणाला नाही." मी म्हणालो, काही होत नाही, विसरून जा. त्याचं समाधान झालं. सरांनी सांगितलं ना.

आता इथून पुढचं.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. तीन आठवडे गावी जायचं होतं. चाळीचे पत्रे गळत होते, म्हणून त्यानं अकराही स्टिका माझ्या क्वार्टरमध्ये आणून ठेवल्या — सरकारी स्लॅब, भिंती कोरड्या. स्वतः खिळे ठोकले. "सर, टांगूनच ठेवा. टेकवायच्या नाही. आणि ओल नको, गरमी नको. वाकतात." मला वर्गात समजावून सांगावं तसं त्यानं समजावलं.

दहा स्टिका मी तशाच ठेवल्या. अकरावी उतरवली.

आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. रोज पहाटे मी तो ढलप्या घालून पेटवायचो. अंकलची क्यू मी त्या बंबाच्या मागं ठेवली — तिरकी, भिंतीला टेकवून. मी स्वतःला काय सांगितलं असेल? बाहेर शेजाऱ्यांच्या पोरांचा हात लागेल, असं काहीतरी. माणूस स्वतःला काहीही सांगतो. तीन दिवसांनी बायकोनं ती तिथून उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. "कुणाची तरी चांगली वस्तू दिसतेय, वाफेत कशाला?" असं म्हणाली. मी बरं म्हणालो. आणि ती बाजारात गेल्यावर क्यू उचलून परत बंबाच्या मागं नेऊन ठेवली.

तेव्हा मला स्वच्छ कळलं होतं मी काय करतोय ते. एखादी गोष्ट रागाच्या भरात होते, तसं हे नव्हतं. रोज सकाळी मी बंब पेटवत होतो. रोज वाफेत ती मला दिसत होती. रोज ती काढता आली असती. एकवीस दिवस. आणि मी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून शाळेत जात होतो.

भिकन यायच्या आदल्या दिवशी मी ती कोरडी पुसली, दोन हातांनी धरून एक डोळा मिटून पाहिली. फार नाही, किंचित वाकली होती. मी ती खिळ्याला टांगली.

तो आला, वडील बरे होते, खुशीत होता. आम्ही दोघं स्टिका घेऊन हसमुखभाईंकडे गेलो. त्याची सवय होती, एकेक स्टिक टेबलावर घरंगळवून बघायची. सरळ असेल तर आवाज न करता जाते. दहा गेल्या. अकरावी टकटक करत गेली. त्यानं ती पुन्हा घरंगळवली. पुन्हा टकटक. त्याचा चेहरा उतरताना मी पाहत होतो.

"सर," तो म्हणाला, "मशीन लागली हिला. चूक माझीच."

त्याच्या मनात माझ्याबद्दल शंका आलीच नाही. एक क्षणही. मी काही न बोलता उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो. मी म्हणालो, "असेल. लेथवर ताण बसतो लाकडाला. परिणाम नंतर दिसतो." फळ्यासमोरच्या आवाजात म्हणालो.

मला वाटलं होतं, तो ती क्यू लपवेल, गप्प बसेल. मी असतो तर तेच केलं असतं. पण तो तिथून थेट डिसिल्वा अंकलच्या घरी निघाला. "सर, तुम्ही चला सोबत. एकट्याची हिंमत नाही." मी गेलो. हो, गेलो.

अंकल व्हरांड्यात बसले होते. भिकननं क्यू त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं — टोपी, लेथ, दोन मिनिटं. रडला. लहान पोरासारखं नाक पुसत रडला. न केलेल्या गुन्ह्याची कबुली इतक्या खरेपणानं देणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि ती ऐकत मी तिथं दाराला टेकून उभा होतो.

अंकलनी क्यूवरून हात फिरवला, वाक आला होता तिथं बोट थांबलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "चुकलो हांव. सरांना द्यायला हवी होती."

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मला लाज वाटली असेल. नाही. मला आनंद झाला. सहा वर्षं ऐकायचं होतं ते वाक्य मी ऐकलं होतं. तो आनंद इतका मोठा होता की मला तोंड दुसरीकडे वळवावं लागलं.

भिकन पुन्हा त्या घरी गेला नाही. पूलवर यायचाही थांबला. हसमुखभाईंनी दोनदा निरोप धाडला, तर म्हणाला, हात बसत नाही आता. त्या थंडीत अंकल गेले. क्यू त्यांच्याकडेच राहिली होती; पुढं ती कुठं गेली ते मला माहीत नाही. नात्यातलं कुणीतरी सामान घेऊन गेलं. मातीच्या दिवशी भिकन फाटकाबाहेर उभा होता, आत आला नाही. मी आत होतो. पेटीला खांदा दिला.

नंतर त्यानं आपल्या दहा स्टिका माझ्याकडे आणून दिल्या. "तुमच्याजवळ नीट राहतात सर. मला नाही जमत ते." मी त्या घेतल्या. त्याच स्टिकांनी खेळलो. पुन्हा जिना चढलो की लोक बाजूला व्हायला लागले. बदली होईपर्यंत, आणखी चार वर्षं, तिथं माझ्याइतका चांगला कुणी नव्हतं.

बदलीच्या वेळी तो सामान चढवायला आला होता. कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पो निघायच्या आधी त्यानं आपल्या मुलीला पुढं केलं, सहासात वर्षांची असेल. तिला म्हणाला, "पाया पड. खूप मोठा माणूस आहे. आपल्या सगळ्यात वाईट दिवशी सोबत आले होते सर." मुलगी वाकली. तिच्यामागं तोही वाकला.

मी पाय मागं घेतले नाहीत. दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.