सोमवारचा नाताळ आणि सुरणाची तंगडी

माझा नवरा अमेरिकन प्रवासी जहाजावर कुक. दर नाताळात तो समुद्रावर आणि मी इथे गोव्यात, डिचोलीत. त्या वर्षी मात्र तो घरी होता, आणि पुढच्या काँट्रॅक्टवर जाणार की नाही, ते जहाजाच्या एजंटला नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळवायचं होतं. त्याने जाऊ नये असं मला वाटत होतं. पण या वयात गळ्यात पडून ‘जाऊ नका’ म्हणणं मला जमणारं नव्हतं. स्वयंपाक जमतो, तो करायचं ठरवलं.

फोनवर तो जहाजावरच्या जेवणाचं कौतुक सांगत सुटायचा. चीज घातलेली मॅकरोनी, लोणी घालून घोटलेला बटाटा, तळलेलं चिकन, ॲपल पाय. हे सगळं घरीच मिळालं तर माणूस जाईल कशाला? म्हापशाहून चीज आणलं. चिकनच्या तंगड्या आदल्या दिवशीच ताकात भिजत घातल्या.

नाताळच्या सकाळी फ्रीज उघडला, तर मागे सासूबाई उभ्या.

“कितें गे तें?”

“चिकन. आज नाताळ ना, आई.”

“नाताळ तुजो. आज सोमार. शिवराक!”

सुट्टी डोक्यात इतकी बसली होती की वार बघायचाच राहिला. आमच्याकडे सोमवारी मासळीचा वाससुद्धा चालत नाही. शिवराक म्हणजे शुद्ध शाकाहार, त्यात तडजोड नाही. तंगड्या निमूटपणे आत गेल्या.

घरात सुरण होता. आमसुलाच्या पाण्यात उकडला, तंगडीच्या आकाराचा कापला आणि मैदा-मिरपुडीत घोळवून तळला. तेवढ्यात सासूबाईंनी मॅकरोनीच्या टोपात डोकावून पाहिलं.

“ही शेवयांची खीर?”

“खारी आहे. चीज घातलंय.”

“चीज शिवराक?”

“दुधाचंच असतं, आई.”

“आनी भट्टेंत कितें?”

“ॲपल पाय.”

“सोमाराक पाय?”

तो पाय बकऱ्याचा नव्हे, सफरचंदाचा, हे त्यांना पटवेपर्यंत त्याची कड करपली.

संध्याकाळी मेजावर मेणबत्ती लावली, वरचा दिवा बंद केला आणि आम्ही दोघं समोरासमोर बसलो. दारातून आवाज आला, “लायट गेली?” सासूबाईंनी बटण दाबलं, मेणबत्ती फुंकली, “पावसात लागतली” म्हणून कपाटात ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. रोमान्स आटोपला. आता भिस्त जेवणावर.

नवऱ्याने ताटावर वाकून वास घेतला आणि मान मागे घेतली.

“अगो, सुट्टेर घरा आयलां आनी तू माका ड्युटीर धाडता?”

“तुम्हीच तर म्हणायचात, फर्स्टक्लास असतं म्हणून!”

“पॅसेंजरांक फर्स्टक्लास. आमकां मेसात शीत-कडी. दिसभर ह्या चिजाचो वास हातांक. साबण लायलो तरी वचना.”

म्हणजे इतकी वर्षं हा स्वतः भात-आमटी जेवून हातच्या कामाची फुशारकी मारत होता, आणि मी इथे समजत होते की तिकडे याची मजा चालली आहे.

सासूबाईंनी मॅकरोनीवर गूळ किसून घातला आणि ती आवडीने खाल्ली. सुरण दोनदा मागून घेतला. “बरो जाला. पूण साल काडूंक जाय आशिल्ली,” म्हणाल्या. साल म्हणजे मी अर्धा तास खपून केलेलं आवरण; ते सोलून टाकायला हवं होतं म्हणे. नवऱ्याला मी दुपारचा भात आणि वरण गरम करून वाढलं. तो दोन घास खाऊन माणसात आला.

सकाळी एजंटचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते.

“ना रे, आता जमचें ना,” नवरा सांगत होता. “न्हय, पगाराचें न्हय. काल घरा मॅकरोनी केल्ली. एका टोपाच्या वासान पोट ढवळलें. थंय परत त्या व्हडल्या टोपामुखार कोण उबो रावतलो?”

एजंट चिकट आहे, आठवड्याभरात पुन्हा विचारणार, हे मला माहीत होतं. उरलेली मॅकरोनी मी फेकली नाही. डब्यात भरली आणि फ्रीज उघडल्याबरोबर समोर येईल अशी ठेवली. झाकण जरा सैलच लावलं.