एका माणसाचा तंबू

मुझम्मिलभाई धनसे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका तंबूंच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. कापडाचे ताके, चेनची रिळं, दोरे, कड्या, वेल्क्रो, सगळं त्यांच्या ताब्यात. गेल्या एकोणीस वर्षांत त्यांच्या स्टोअरमधून एक सुईसुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर गेलेली नाही, आणि या एकोणीस वर्षांत त्यांचं मतही कुणी विचारलेलं नाही. स्टोअरकीपरला मत असू शकतं हे मोठ्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. मतं असतात ती सेल्सवाल्यांना. त्यांना त्याचाच पगार मिळतो.

वय अठ्ठावन्न. गाव श्रीवर्धनपासून अर्ध्या तासावर. सत्ताविसाव्या वर्षी ते दुबईजवळच्या रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात लागले, तिथं बारा वर्षं फरशांची खोकी मोजली आणि मग इथं आले. गावात चार खोल्यांचं घर बांधलं, दोन मुलींची लग्नं करून दिली. आता त्या चार खोल्यांत त्यांची बायको हव्वाबी एकटी राहते, आणि इकडे कंपनीच्या एका खोलीत मुझम्मिलभाई आणखी पाच जणांबरोबर. दाराजवळचा खालचा पलंग त्यांचा. त्याला चारी बाजूंनी निळा पडदा लावलेला आहे. त्या पडद्याबद्दल पुढं सांगायचंच आहे.

हा कारखाना एरवी अरबांच्या मजलिसचे, म्हणजे बैठकीचे, तंबू, गाड्यांवरच्या शेड आणि लग्नाचे मांडव शिवतो. हिवाळाभर श्वास घ्यायला फुरसत नसते. मे महिना लागला की मात्र काम बसतं, कारण पंचेचाळीस डिग्रीत तंबूत बसायची हौस कुणालाच नसते. गेल्या उन्हाळ्यात बावीस शिंप्यांना चार महिने बिनपगारी घरी पाठवलं होतं. त्यातले सहा परत आलेच नाहीत. मुझम्मिलभाई रोज दुपारी त्या लोकांबरोबर डबा खातात, त्यामुळे जानेवारीतच त्यांना उन्हाळ्याची काळजी लागते.

अशात कॅनडाहून चौकशी आली. तिकडे म्हणे थंडीत तळी गोठतात. माणूस बर्फावर चालत जातो, बर्फाला भोक पाडतो, त्यात गळ सोडतो आणि भोकाशेजारी तासन् तास बसून राहतो. वारा लागू नये म्हणून त्याला हलका तंबू लागतो. एका माणसाचा, ओढून नेता येईल असा. चार हजार नग हवे होते, माल ऑगस्टअखेर. म्हणजे अख्खा उन्हाळा मशीन चालणार होती. गिऱ्हाइकानं तीन नमुन्यांची चित्रं पाठवली आणि लिहिलं, यातला कुठला चांगला ते तुम्हीच शिवून, तपासून ठरवा. एकच सॅम्पल पाठवा. पसंत पडलं तर ऑर्डर, नाही तर दुसरा कारखाना आहेच.

हे निवडायचं काम सेल्समधल्या अनन्याकडं आलं. अनन्या शारजात जन्मली, शारजातच वाढली. आईवडील मूळचे ठाण्याचे. हुशार पोरगी, दोन वर्षांत खरेदीदारांशी बोलण्यात तयार झालेली. तिनं तिन्ही तंबू शिवून घेतले आणि लॅपटॉपवर तक्ता केला. वजन, उंची, खिडक्या किती, घडी केल्यावर जागा किती, उभा करायला वेळ किती. त्यात दुसरा नंबर सरळ जिंकत होता. चार भिंतींचा, मधोमध ओढला की फटकन फुगणारा, आत उभं राहता येईल असा. वजनाला कमी आणि स्वस्तही. नीरव सरांनी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरनी, तक्ता बघून मान डोलावली. वातानुकूलित ऑफिसात बसून बर्फावरच्या माणसाचा तंबू निवडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच, पण शेळ्या हाकायला दुसरं कुणी नव्हतं.

तिन्ही सॅम्पल स्टोअरमध्येच ठेवलेली होती, म्हणून शेवटची चर्चाही तिथंच झाली. मुझम्मिलभाई बाजूला रजिस्टर घेऊन उभे होते. अनन्यानं नीरव सरांना सांगितलं की दुसरा तंबू फक्त चाळीस सेकंदांत उभा राहिला, दोन पोरांनी उभा केला.

मुझम्मिलभाईंच्या तोंडून निघून गेलं, "पण माणूस एकच ना?"

दोघांनीही वळून पाहिलं. मुझम्मिलभाईंना वाटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण. पण बोललेलं परत घेता येत नाही. तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं की एकट्याचा तंबू एकट्यानंच उभारून, एकट्यानंच आत बसून बघायला पाहिजे, आणि तोही थंडीत. नीरव सर हसले. दुबईत थंडी कुठून आणणार, असं त्यांनी विचारलं. मुझम्मिलभाई म्हणाले, दोन गल्ल्या सोडून मासळीचं कोल्ड स्टोअर आहे, तिथला सुपरवायझर रफिक रत्नागिरीचा आहे, आणि तिथं उणे अठरा असतं.

रफिकनं जाड कोट दिला, हातमोजे दिले, आणि वर एक अट घातली. दर पंधरा मिनिटांनी मी दार ठोठावणार, उत्तर आलं नाही तर ओढून बाहेर काढणार. गोठलेल्या सुरमईच्या खोक्यांमध्ये त्यानं एक कोपरा मोकळा करून ठेवला होता. वरून मोठे पंखे थंडगार वारा फेकत होते. अनन्या आत पाच मिनिटं टिकली आणि मग दाराच्या काचेतून बघत उभी राहिली.

पहिल्या दिवशी मुझम्मिलभाईंनी दुसऱ्या नंबरचा तंबू घेतला. हातमोजे घालून एका माणसाला त्याच्या चार भिंती ओढायच्या म्हणजे एक ओढेपर्यंत दुसरी आत यायची, आणि पंख्याच्या वाऱ्यानं सगळाच तंबू खोक्यांवर जाऊन आपटायचा. चाळीस सेकंदांची नऊ मिनिटं झाली. आत जागा भरपूर, पण त्या जागेचं करायचं काय? थर्मास एका कोपऱ्यात, पिशवी दुसऱ्या, चष्मा तिसऱ्या. दर वेळी उठायचं, दर वेळी मांडीवरची ऊब जायची. बाहेर यायला गेले तर चेनचा रनर हातमोज्यातल्या बोटांना सापडेना. रफिकनं बाहेरून दार ठोठावलं तेव्हा ते आत चेनशी झटत होते, आणि खरं सांगायचं तर घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी तिसरा, बांबूसारख्या दांड्या जोडायचा. त्याच्या जोडांवर बर्फ धरला आणि तो उघडेचना. त्याच्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही.

राहिला पहिला. दिसायला सगळ्यांत गबाळा. खाली उथळ होडीसारखी प्लास्टिकची घसरगाडी, तीत खुर्ची बसवलेली, आणि मागं दुमडून ठेवलेलं कापड. खुर्चीत बसायचं आणि बाळाच्या गाडीचं छत ओढावं तसं ते कापड डोक्यावरून पुढं घ्यायचं. झाला तंबू. उभं राहायला जागा नाही, आणि वजनही जास्त. मुझम्मिलभाई त्यात बसले, कापड ओढलं, उजव्या हाताला थर्मास ठेवला, डाव्या हाताला चष्मा, आणि पाऊण तास हलले नाहीत. रफिकनं तीन वेळा दार ठोठावलं. तिन्ही वेळा आतून आरामात "आहे, आहे" असा आवाज आला.

बाहेर आल्यावर त्यांनी अनन्याला पाच गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. चेनच्या रनरला वीतभर दोरी. उजवीकडं खिसा, डावीकडं खिसा, दोन्ही कोपराच्या उंचीवर. डोक्यावर दिव्याला कडी. दरवाजा एक नाही, दोन. आणि हवेला एक भोक वर, एक खाली, हाताच्या तळव्याएवढं. अनन्यानं विचारलं की कापडाला थंडी अडवायला इन्सुलेशनचं अस्तर असताना भोकं कशाला, थंडी आत येईल ना? मुझम्मिलभाई म्हणाले, थंडीनं माणूस उठून जातो, गुदमरल्यावर उठत नाही.

नीरव सरांना हे फारसं रुचलं नाही. दोन दरवाजे आणि खिसे म्हणजे नगामागं अठरा दिरहम वाढतात, म्हणजे सवाचारशे रुपये, असं त्यांनी लगेच मोठ्यानं म्हणून दाखवलं. पण सॅम्पल म्हणून हाच पहिला तंबू गेला, कारण अनन्या अडून बसली. तिनं स्वतःचाच तक्ता खोडला. हे मोठ्या मोठ्यांना जमत नाही, म्हणून तिचं कौतुक इथं करून ठेवतो. जाताना नीरव सर एवढंच म्हणाले की ऑर्डर हातची गेली तर शिंप्यांना काय सांगायचं ते मुझम्मिलभाईंनीच सांगावं. त्यानंतरचे बारा दिवस मुझम्मिलभाईंना डबा गोड लागला नाही. आपण तोंड उघडलं नसतं तर जे झालं असतं त्याचा दोष निदान आपला नसता, हेच डोक्यात फिरत होतं.

तेराव्या दिवशी पाच वाजता व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सकाळ होती. कॅनडाचे साहेब म्हातारे निघाले, पांढरी दाढी, स्वतः चाळीस वर्षं बर्फावर गळ टाकून बसणारे. सॅम्पल घेऊन ते तळ्यावर बसून आले होते. त्यांनी विचारलं, हे खिसे आणि ही भोकं कुणी सुचवली? आमच्या चित्रात नव्हती. नीरव सरांनी मुझम्मिलभाईंना पुढं केलं. साहेबांचा पुढचा प्रश्न होता, तुम्ही किती वर्षं बर्फावर मासे मारताय?

अनन्यानं तो मराठीत सांगितला. मुझम्मिलभाईंनी जरा विचार केला. मग म्हणाले, "बर्फ मी कोल्ड स्टोअरमध्येच बघितला बेटा. पण त्यांना सांग, एकट्या माणसाला किती जागा लागते ते मला माहीत आहे. सहा बाय तीनच्या पलंगाला पडदा लावून एकतीस वर्षं राहतोय. चष्मा डावीकडं, पाणी उजवीकडं, दिवा डोक्यावर. पडदा पूर्ण बंद केला की एसीची हवा लागत नाही, जीव घाबरतो, म्हणून वर एक पट्टी आणि खाली एक पट्टी मी कापून टाकली. एकदा खोलीत शॉर्टसर्किट झालं तेव्हा पलंगाच्या एकाच बाजूनं बाहेर पडता येत होतं. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी उघडतो."

 अनन्याला शारजात स्वतःची खोली होती, लहानपणापासून. रोज ज्यांच्याकडून ती सही करून कापड न्यायची ते अंकल संध्याकाळी कुठं जातात, हे तिनं दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिला त्याची लाज वाटली, आणि ती तिच्या आवाजात ऐकू आली. तिनं सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता.

साहेबांनी टोपी काढली, परत घातली, आणि चार हजार नगांची ऑर्डर पक्की केली. खाली शिलाईत बातमी पोचली तेव्हा कुणीतरी मशीनवर कात्री वाजवली. मुझम्मिलभाई स्टोअरमध्ये जाऊन खुर्चीवर बसले आणि पाणी प्याले. बारा दिवसांचं ओझं उतरलं होतं.

दोन दिवसांनी अनन्या स्टोअरमध्ये आली. आता ती येताना चहा दोन कप आणायची. म्हणाली, "अंकल, गुड न्यूज. क्लायंटला नेक्स्ट सीझनला टू-पर्सन मॉडेल पण हवंय. नवराबायको जातात ना, कपल्स, त्यांच्यासाठी. नीरव सर म्हणाले, लेआउट तुम्हीच सांगा. कोण कुठं बसणार, दिवा कुठं, खिसे कुठं."

मुझम्मिलभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "ते मला माहीत नाही बेटा," ते म्हणाले. "दोघांचं दुसऱ्या कुणाला विचार."

 चहा संपल्यावर अनन्या कप घेऊन वर ऑफिसात गेली.

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवसांची सुट्टी, अशा सगळ्या सुट्ट्या, आणि लग्नानंतरची पहिली दोन वर्षं, एवढाच दोघांचा संसार. सुट्टीत घरी गेले की चार खोल्यांत त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. चष्मा, पाणी, फोन, सगळं उशाशी घेऊन ते पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपायचे. हव्वाबी म्हणायची, एवढा मोठा पलंग केलाय तो कुणासाठी? ते हसण्यावारी न्यायचे.

त्या संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी नेहमीप्रमाणं पडद्याआडून फोन लावला. ऑर्डरचं परत एकदा सांगितलं, म्हाताऱ्या साहेबांचं सांगितलं, शिंप्यांचा उन्हाळा निघाला हे सांगितलं. मग विचारलं, "दोन माणसांचा तंबू असला, तर दिवा कुणाच्या बाजूला टांगावा ग?"

हव्वाबीला वाटलं चेष्टा करतात. मग तिच्या लक्षात आलं की चेष्टा नाही.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी पण एकटीच राहिलेय की एकतीस वर्षं. तुम्ही या, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुझम्मिलभाईंनी रजिस्टरखालून एक कोरा कागद काढला आणि नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिला. चार हजार नग ऑगस्टमध्ये रवाना होतील, तोवर थांबतो, असं त्यात होतं. खाली सही केली, आणि चिठ्ठीशिवाय काही बाहेर जाऊ न देणाऱ्या माणसानं तो अर्ज स्वतःच वर नेऊन दिला.