सिस्टर, डोळे मिटा

मनोरुग्णांच्या वॉर्डात आठ वर्षं नर्स म्हणून काढली, की किस्से इतके साठतात की ऐकायला माणूस लागतं. घरी माणूसच नाही! नवरा सैन्यात, पाच वर्षांची ओवी वाईला माझ्या आईकडे, आणि शिफ्ट करत मी सांगलीत. ओवीला जवळ ठेवता यावं म्हणून साताऱ्याला बदलीचा अर्ज टाकलाय, तो कुठल्या टेबलावर झोपलाय देव जाणे. तोवर तुम्हीच ऐका.

*

आम्ही सगळ्याच फार थकलो, म्हणून हॉस्पिटलनं माइंडफुलनेसचा क्लास लावला. रोज दुपारी दहा मिनिटं, वॉर्डातच.

"डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या," शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या.

आमच्या वॉर्डात पेशंटकडे पाठसुद्धा करत नाहीत, डोळे कोण मिटणार? सगळ्यांनी एकेकच मिटला!

"मनात काय आलं?"

"बावीस!" इस्लामपूरच्या शिंदे सिस्टर म्हणाल्या. त्या आमच्यात सीनियर. "आवं, पेशंट मोजलं. समदी हायत."

*

पुढच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "आता मनानं आवडत्या जागी जा."

मी थेट वाईच्या घाटावर. डोळे उघडले तर शिंदे सिस्टर पदरानं तोंड पुसतायत.

"कुठं गेला होतात?" मॅडमनी त्यांना विचारलं.

"कुटंच न्हाई. लय आठवलं, पर जागाच सापडंना."

त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही.

*

एकदा मात्र सगळ्यांचे दोन्ही डोळे मिटले. झोपच लागली! जाग आली तर आमचे पेशंट, माधवनगरचे जुने गिरणी कामगार मामा, बाकीच्यांना दटावत होते, "गप बसा रं, पोरी दमल्यात!"

मी घाबरून उठले.

"बसा, सिस्टर. मी मोजलं. माज्यासकट बावीस."

*

वॉर्डात जेवणं झाली की चमचे मोजायचे असतात, कुणी पेशंटनं लपवायला नको म्हणून. दोन दिवस वाईला गेले आणि जेवण उरकल्यावर सवयीनं तिथंही मोजायला लागले. ओवी हात धरून म्हणाली, "आई, मला पण मोज ना!"

मोजलं. एक. पुन्हा मोजायला लावलं तिनं.

*

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. संध्याकाळी ओवीला घाटावर बसवून मीच क्लास घेतला. "मन पळालं तर रागवायचं नाही, हळूच परत आणायचं."

तिनं डोळे घट्ट मिटले. दोन मिनिटांनी मी विचारलं, "पळालं?"

"हो. सांगलीला गेलं, तुझ्या खोलीत."

"मग आणलंस परत?"

"नाही. म्हटलं, तू राहा तिथंच."