सेमाडोहच्या दोन खोल्या

फेब्रुवारीत सुखदेवभाऊंचा फोन आला, तेव्हा मी अकोल्यात घरीच एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर झेंडूच्या तोरणांचा रंग बदलत बसले होते. मालकांना पिवळा भडक वाटत होता आणि केशरी उदास. फोनमध्ये आधी नुसती खरखर ऐकू आली, मग आवाज.

"मॅडम, ते आपली साईट बंद करून टाका."

"काय झालं भाऊ?"

"काई नाई झालं. तेच तर. काईच नाई झालं." एवढ्यात रेंज गेली.

नऊ वर्षं झाली, मी घरूनच वेबसाइट बनवते. ऑफिस नाही, हाताखाली माणूस नाही. एक टेबल, खिडकी आणि शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या. गेलं वर्ष वाईट गेलं. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली, नवी फारशी आली नाहीत. त्यातलं मनापासून केलेलं काम एकच होतं, सेमाडोहचं. मेळघाटातल्या त्या गावात सुखदेवभाऊ आणि त्यांची बायको रमाबाई यांनी घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. जंगल बघायला येणाऱ्यांनी राहावं, रमाबाईंच्या हातचं चुलीवरचं जेवावं, एवढाच बेत. सगळं फोनवर ठरलं. त्यांनी मोबाइलवर पन्नासेक फोटो पाठवले आणि त्यातून मी साईट उभी केली. दिवाळीच्या आधी सुरू झाली. मी स्वतः सेमाडोहला कधीच गेले नव्हते.

त्या दिवशी परत फोन लावला, लागला नाही. मग ठरवलं, जाऊन यायचं. अमरावतीत राजापेठेला एक काम होतं, चांदूर बाजारला एक. तिथून पुढे परतवाडा आणि मग घाट. दोन जोडी कपडे, चार्जर आणि लॅपटॉप पाठीवर टाकून निघाले.

अकोला ते अमरावती एसटीनं अडीच तास धरा. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खासगी गाडीचा विचारही करू नका. रस्ता आता गुळगुळीत झालाय, मूर्तिजापूर कधी गेलं कळत नाही. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. काही ठिकाणी त्या उपटून ढीग घातले होते. त्या महिन्यात वऱ्हाडात हिरवं फार कमी दिसतं, हे माहीत असूनही जाणवलं.

राजापेठेत ज्या शिकवणीच्या क्लासची साईट मी चार वर्षं सांभाळत होते, तिथले सर चहा मागवून म्हणाले, "मॅडम, वाईट नका वाटून घेऊ. भाच्यानं एका दुपारी नवी साईट बनवली. कॉम्प्युटरले नुसतं सांगितलं, त्यानंच करून दिली." त्यांनी दाखवली. वाईट नव्हती. फोटोतली हसरी मुलं कुठल्या देशाची होती कोण जाणे, पण रांगेत नीट बसली होती. मी पासवर्ड लिहून दिला आणि जिना उतरले. खाली दुचाक्यांची इतकी गर्दी होती की रस्ता ओलांडायला पाच मिनिटं गेली. मुक्काम मावसबहिणीकडे केला. तिनं विचारलं, "झालं काम?" मी म्हटलं, "झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदूर बाजार. अमरावतीहून बस बऱ्याच आहेत, तासाभराच्या आसपास लागतो. स्टँडवर तर्रीपोहे खाऊन घ्या, पुढे वेळेवर काही मिळेलच असं नाही. गावाबाहेर मंदाताईंची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. पन्नाशीची बाई, तीन पिढ्यांचा धंदा, हाताला सतत ओली माती. त्यांची साईट नुकतीच पुरी झाली होती. मी रोपांचे फोटो काढले, लॅपटॉपवर सगळी पानं दाखवली. त्यांनी मान डोलावली नाही.

"हे चांगलं दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या, "पण माणसानं याच्यात लिवलं का मले पाचशे कलमं पायजे, तर ते माह्या मोबाइलवर येते का? ते दाखवा आधी."

"येतं ना ताई."

"माह्यासमोर करून दाखवा."

मी फॉर्म भरला. नाव, गाव, पाचशे कलमं. त्यांच्या मोबाइलवर टुणकन् आवाज झाला. मंदाताईंनी चष्मा लावून निरोप दोनदा वाचला आणि मगच चहा ठेवायला सांगितलं.

परतवाड्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि मनात आलं, सेमाडोहचा फॉर्म असा समोर भरून कोणी पाहिला होता का? त्या साईटवर फोन नंबर नव्हता. तो सल्ला माझाच. तिथं रेंज नसते, लोकांचे फोन लागणार नाहीत, लोक चिडतील, त्यापेक्षा फॉर्मच ठेवू, रेंज आली की तुम्हाला ईमेल दिसेल, असं मीच समजावलं होतं. आता माझंच नाव घालून तो फॉर्म भरला. मग आतल्या सेटिंगमध्ये गेले. निरोप जिथे जायचे तो पत्ता सुखदेवभाऊंचा नव्हता. काम चालू असताना चाचणीसाठी मी एक ईमेल उघडला होता, तो होता. साईट सुरू करताना तो बदलायचा असतो. मी बदलला नव्हता.

तो ईमेल उघडला. माझा सोडून सत्तावीस जणांचे निरोप.

नागपूरचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी, तीन दिवस. खामगावचं एक कुटुंब, नाताळात, "आई-वडिलांना जिने चढवत नाहीत, खोल्या तळमजल्यावर आहेत ना?" पक्षी बघणाऱ्या पाच जणांचा गट. आणि अकोल्याची, माझ्याच गावातली एक बाई. तिनं लिहिलं होतं: "साईटवर चुलीजवळ बसलेल्या ताईंचा फोटो पाहिला. माझ्याही चेहऱ्यावर कोडाचे डाग आहेत. मी कधी फोटो काढू देत नाही. तुमच्याकडे दोन दिवस राहायला यायचं आहे." दोन आठवड्यांनी तिचाच पुन्हा: "उत्तर आलं नाही. जागा नसेल तर तसं कळवा."

तो फोटो साईटच्या पहिल्या पानावर मीच लावला होता. रमाबाईंच्या गालावर आणि ओठाभोवती पांढरे डाग आहेत. त्या फोटोत त्या भाकरी थापता थापता मान वळवून हसत होत्या. पन्नास फोटोंत तसा दुसरा नव्हता. पण आता तो तिथं नव्हता. जानेवारीत सुखदेवभाऊंचा निरोप आला होता: "मॅडम तो फोटो काढा, नदीचा लावा." मी काही विचारलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं, करून टाकलं.

परतवाड्याला लॉजवर उतरले. खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी बादलीनं मिळतं. जेवण कुठे चांगलं मिळतं ते सांगू शकत नाही, मी जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळची, सेमाडोहवरून जाणारी धारणीची बस धरली. वेळ डेपोत आदल्या दिवशी विचारा आणि सकाळी पुन्हा विचारा. पैसे रोख ठेवा. गाडी लागत असेल तर पुढची सीट पकडा, घाटात वळणांना अंत नाही. सागाची पानं झडलेली, जंगल आरपार दिसत होतं. लोक वाघाच्या आशेनं खिडकीबाहेर बघतात. मी काय बोलायचं ते जुळवत होते. कितीही जुळवलं तरी ते एकाच वाक्यावर येत होतं.

सेमाडोहला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. सुखदेवभाऊ रस्त्यावरच भेटले. फोटोपेक्षा बारीक, कानाला मफलर. "तुमी कायले त्रास घेतला मॅडम, फोनवरच सांगितलं असतं," म्हणत त्यांनी माझी बॅग घेतली.

घरामागच्या दोन खोल्या त्यांनी दाखवल्या. एकीत सिमेंटच्या गोण्या छतापर्यंत रचल्या होत्या, दुसरीत लोखंडी सळया आणि मजुरांच्या पथाऱ्या. रस्त्याचं काम करणाऱ्या एका माणसाला त्यांनी दोन्ही खोल्या तीन वर्षांसाठी भाड्यानं लिहून दिल्या होत्या. भिंतींवर रमाबाईंनी गेरूनं काढलेले मोर गोण्यांच्या वर थोडे दिसत होते, नुसते तुरे.

"गेल्याच हप्त्यात दिल्या," ते म्हणाले. "कोनी येऊनच नाई राह्यलं तर ठेवून काय करता?"

आत रमाबाईंनी पाणी दिलं. पदर तोंडावरून पुढे ओढलेला, बोलताना नजर खाली. फोटोतली बाई हीच, हे समजायला मला वेळ लागला.

मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं. लोक येत होते. सत्तावीस जणांनी विचारलं होतं. ते निरोप माझ्याकडे अडकले, माझ्या चुकीनं. तुमच्या घरात, खोल्यांत, जेवणात काही खोट नव्हती.

सुखदेवभाऊंना आधी समजलंच नाही. "म्हणजे लोकं म्हणत होते का आमाले यायचं हाय?"

"हो."

"अन् ते आमाले समजलंच नाई?"

"नाही. माझ्यामुळे."

ते दारात जाऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. रमाबाईंनी मात्र पहिल्यांदाच वर पाहिलं.

"म्हणजे माह्या फोटोमुळं नाई?"

मी मोबाइलमध्ये उतरवून आणलेला त्या अकोल्याच्या बाईचा निरोप वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा त्यांनी पदर मागे घेतला होता, बहुतेक त्यांच्याही लक्षात न येता.

"मी दिवाळीपासून बाजारात नाई गेली मॅडम," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माहं तोंड पाहूनच लोकं माघारी जात असतीन. याईले म्हणलं, काढून टाका माहा फोटो. तर हे म्हणे, बिलकूल नाई काढू देणार. माही बायको हाय, म्हणे, कोनाले पटो न पटो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं, भाकरी थापतानाचं. "दाखवा बरं तो फोटो. मी साईट कधी पायलीच नाई."

दारातले सुखदेवभाऊ वळले. माझ्याकडे पाहिलं. मला म्हणता आलं असतं की रेंज नाही. तेवढ्यात रमाबाईंनीच माझ्या हातातला मोबाइल स्वतःकडे वळवून घेतला. "त्याच्यातच हाय ना? दाबा."

मी दाबलं. पडद्यावर चाक फिरत राहिलं. ते तसंच फिरत राहावं असं मला वाटत होतं. मग वरून खाली हळूहळू पान उतरलं. सिपना नदी, दगड, पलीकडची झाडं.

रमाबाई बराच वेळ बघत राहिल्या. बोट सरकवून खाली गेल्या, वर आल्या. खोल्या, अंगण, जेवणाचं ताट. माणूस कुठेच नव्हतं.

"कवा काढला?" त्यांनी मला विचारलं.

"जानेवारीत."

"कोनी सांगितलं?"

सुखदेवभाऊ म्हणाले, "मी." मग रमाबाईंकडे वळून, "दोन मयने वाट पायली व. मग मलेही वाटाले लागलं."

रमाबाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. "नदी चांगली दिसते," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

त्यांनी आम्हा दोघांना वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी जेवले, कारण नाही म्हणायचा हक्क मला उरला नव्हता. भाजी फार सुंदर होती. मी म्हटलं, फोटो आत्ता परत लावते, त्या सत्तावीस जणांना कळवते. रमाबाई भांडी गोळा करता करता म्हणाल्या, "कायले आता? खोल्याच नाईत. बंद करा म्हणलं ना याईनं. करा बंद."

दुपारच्या बसला सुखदेवभाऊ सोडायला आले. फाट्यावर आम्ही अर्धा तास उभे होतो. ते एकदाच बोलले. "तुमची चूक झाली मॅडम, चूक होते. माही चूक नोती. मी समजून उमजून केलं." बस आली. त्यांनी बॅग वर चढवून दिली.

परतवाडा, अमरावती, अकोला. बडनेऱ्यानंतर अंधारून आलं, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन सत्तावीस जणांना एकेक करून लिहिलं की चूक माझी होती, त्या कुटुंबाची नव्हे. चौघांनी उत्तर दिलं. नागपूरच्या सरांनी लिहिलं, "आता पत्नीची तब्येत प्रवासाची राहिली नाही." अकोल्याच्या बाईंनी विचारलं, "त्या ताईंना पत्र लिहिलं तर चालेल का?" मी रमाबाईंचा पत्ता दिला. पत्र गेलं की नाही, गेलं तर त्यांनी ते कोणाकडून वाचून घेतलं, मला माहीत नाही. सुखदेवभाऊंना दोनदा फोन केला. एकदा लागला नाही. एकदा लागला तेव्हा पलीकडे रमाबाई होत्या. "हे नदीवर गेले," म्हणाल्या, आणि माझी खुशाली विचारली. भाऊंबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

काम चालू आहे. मंगल कार्यालयाची तोरणं शेवटी पांढरी झाली. प्रत्येक नवी साईट सुरू करताना मी आता गिऱ्हाइकाला समोर बसवून फॉर्म भरायला लावते. कोणी फोटो काढायला सांगितला, तर का ते विचारते. लोकांना ते आवडत नाही.

मेळघाटचे फोटो टाकल्यापासून माझ्या या ब्लॉगवर विचारणा होते. जायचं कसं, गाडी कुठून धरायची, सेमाडोहला घरगुती राहायची, जेवायची सोय आहे का. पहिल्या दोन्हींची उत्तरं वर आहेत. तिसऱ्याला मी लिहिते, होती. मग कोणीतरी विचारतं, बंद का झाली? तेही लिहिते, माझ्या नावानिशी.