अलार्म वाजला की उतरवायचं

काकू गेल्याचा फोन आला तेव्हा ओटावातल्या माझ्या घरी मी तिच्याच काळ्या मसाल्याची आमटी ढवळत होते. पलीकडे तिची लेक नेहा नुसती रडत होती. इकडे आमटी करपली... काकूने मला कसं फैलावर घेतलं असतं ते आठवलं आणि मग मात्र मलाही रडू फुटलं.

काकू मूळची जळगावची, संसार सगळा हॅमिल्टनला. सासूने तिला मसाला शिकवला तो मापाशिवाय. खोबरं-मिरच्या भाजताना ओसरीवरचे सासरे शिंकले की कढई उतरवायची, एवढीच खूण. कॅनडात सासरे कुठून आणायचे? पण छताला स्मोक अलार्म होता. तो बोंबलला की काकू कढई उतरवायची आणि काका टॉवेल घेऊन अलार्मला वारा घालायचे. वर्षानुवर्षं हीच कामाची वाटणी. एकदा शेजारणीने घाबरून अग्निशमन दलाला बोलावलं. दारात हे धिप्पाड जवान! काकू म्हणाली, "नो फायर, ओन्ली मसाला! अँड शूज ऑफ, प्लीज." तेवढ्यात त्यातला एक सणसणीत शिंकला. काकूने धावत जाऊन कढई उतरवली. "अगदी मामंजींसारखा शिंकला हो," ती काकांना म्हणाली. त्या वर्षीइतका फक्कड मसाला पुन्हा झाला नाही, असं तिचं ठाम मत होतं.

परवा हॅमिल्टनला गेले. काका पार वाळलेले, बोलणंही जवळपास बंद. काकू मसाला भरून ठेवायची तो फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा रिकामा झाला होता आणि दुकानातल्या मसाल्याची आमटी ते वासावरूनच बाजूला सारत होते.

"ही जस्ट वोंट ईट, ताई," नेहा म्हणाली. "लेट्स मेक हर मसाला."

बोलणं सोपं होतं. काकूने आम्हा दोघींना कढईजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. 'मी आहे ना,' म्हणायची... तरी घेतलं भाजायला. घरभर धूर, खोकून खोकून आमचे डोळे लाल, आणि अलार्म बोंबलला! आम्ही दोघी वेड्यासारख्या छताकडे बघत उभ्या. तेवढ्यात काका टॉवेल घेऊन आले, अलार्मखाली उभे राहिले आणि आमच्याकडे न बघताच ओरडले, "अगं, उतरव ना!"

कुणाला म्हणाले, ते आम्ही विचारलं नाही. नेहाने कढई उतरवली. काका वारा घालत राहिले... अलार्म थांबल्यावरही.