काळ्या पडद्याची किल्ली

ये वो बाई, बस जवळ. समोर नाहीस, तरी बसलीस असं समजून लिहून राहिली आहे. सख्ख्या बहिणीची पोर तू, आणि तूच फोनवर म्हणतेस, मावशी, ती साइट आता एखाद्या कंपनीच्या हाती दे, कायले त्या काळ्या पडद्यासमोर डोळे फोडतेस? बोलून मोकळी झालीस. आता ऐक.

दवनीवाड्याकडच्या बायांची लग्नातली गाणी मी टेपवर धरली, मग साइटवर टाकली. कॉम्प्युटर पाहून पाहूनच शिकले. लग्नसराईत ऐकणारे इतके वाढले, की ज्या सर्व्हरवर दहा जणांसोबत जागा वाटून घेतली होती, तिथून मला निघा म्हणाले. म्हणजे अख्खा सर्व्हर एकटीने भाड्याने घ्यायचा, आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हे मीच सांगायचं.

गोंदियातल्या ज्या दुकानदारामार्फत घेत होते, तो विंडोजवर अडून बसला. त्यात चित्रं दिसतात, माऊस दाबला की काम झालं. दुसरी ती लिनक्स, तिच्यात काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, सगळं टाइप करा. वर म्हणाला, “माताजी, पासवर्ड हमारे पास रहेगा. आपको कुछ करना ही नहीं.”

तिथेच माझं डोकं फिरलं. “घर माझं अन् किल्ली तुमच्या कमरेला? काऊन?”

“काला स्क्रीन देखके डर जाओगी.”

“लग्न झाल्यापासून चुलीमागची काळी भिंतच पाहून राहिली मी. भेव कायले वाटंल?”

दोन्ही चालवून पाहायला मागितलं, तेही दुकानातून नाही, माझ्या घरून. गावात तेव्हा टेलिफोनच्या लाइनवरच इंटरनेट. विंडोजचा पडदा त्या लाइनवर फाटक्या चटईसारखा तुकड्यातुकड्यांनी उलगडे. माऊस हलवला की बाण हलेपर्यंत मी वरणाला फोडणी देऊन येई. लिनक्सची अक्षरं मात्र टाइप केली की उमटत. अक्षरांना वजन ते काय? ठरलं.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. चोर शिरू नये म्हणून सर्व्हरची सगळी दारं बंद केली, त्यात माझ्या येण्याजाण्याचंही दार बंद झालं. सर्व्हर ठेवलाय तिथल्या लोकांना फोन करून उघडून घ्यावं लागलं. दुकानदार पोट धरून हसला, आता तरी विंडोज घ्या म्हणाला. म्हटलं, कुलूप अडकलं म्हणून कोणी घर विकते काय? दारं पुन्हा लावली, आपलं एक तेवढं सोडून.

गाणाऱ्या बाया बऱ्याच गेल्या. तुझ्या आजीचा आवाज अजून तिथे आहे, तो मी कोणाच्या कमरेला बांधून देणार नाही. किल्ली देईन तर तुलाच, पण फोनवर सांगणार नाही. माझ्या शेजारी बसून, तुझ्या बोटांनी शिकायची. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिची वाट पाहू नकोस. गोंदियाहून एसटी पकड, अन् लवकर ये वो माय.